आइसलँडच्या वाटेवर शिडाच्या बोटीत गाद्या खालून ओल्या का होतात?

आधी गादीखालचा थेंब चाखा. खारट लागला तर गळती. नाहीतर ती बहुधा तुमच्याच श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ. वाटेतल्या फॅरो बेटांजवळ समुद्र भर उन्हाळ्यातही 10 अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे बोटीच्या गार पडलेल्या भिंतीवर वाफेचं पाणी होतं. गादीखाली लाकडी पट्ट्या टाका, हवा खेळू द्या. ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटवू नका: 1 किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी हवेत मिसळतं, वर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर बसवा. खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे झोपायच्या जागी आणूच नका. मीठ ओल धरून ठेवतं, गोड्या पाण्यात खळबळल्याशिवाय ते नीट वाळत नाहीत.