दहावीतला मुलगा बेंचवर बसतोय. शाळा बदलावी का?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, बारा वर्षं मेरीलँडमध्ये आहोत. मुलगा बाल्टिमोरजवळच्या एका खासगी शाळेत दहावीत आहे. लॅक्रॉस (जाळीच्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ) खेळतो, तोही अटॅकला, म्हणजे गोल करणाऱ्यांच्या फळीत. गेल्या वर्षी जेव्हीत, म्हणजे शाळेच्या दुय्यम संघात, सगळे सामने खेळला. यंदा व्हर्सिटीत, म्हणजे मुख्य संघात, निवड झाली तेव्हा मी घरी पेढे केले. पण सीझनच्या आधी दुसऱ्या शाळांतून दोन अटॅकमन ट्रान्सफर होऊन आले. त्यातला एक तर वर्ष रिपीट करून आलाय. माझा मुलगा सबंध सीझन बेंचवर. आता दुसऱ्या एका शाळेचे कोच ह्यांना म्हणाले, 'आमच्याकडे आणा, दहावी पुन्हा करू दे, अंगापिंडाने भरेल आणि खेळेल.' ह्यांचं जवळजवळ ठरलंय. त्यांना २०२८चं ऑलिंपिकही दिसायला लागलंय. मुलगा काहीच बोलत नाही. काय करावं?
– एक आई, मेरीलँड

उत्तर :

नमस्कार ताई,

पेढे केलेत ते योग्यच केलंत. शिवाजी पार्कावर जसं क्रिकेट, तसं बाल्टिमोरच्या आसपास लॅक्रॉस. तिथे दहावीत व्हर्सिटीचा टीशर्ट मिळणं ही साधी गोष्ट नाही.

आधी दहावी पुन्हा करण्याचं बघू, कारण तो निर्णय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही. वर्ष रिपीट करायचंच असेल तर जाणकार पालक ते आठवीत उरकतात. नववीत पाऊल ठेवलं की घड्याळ सुरू होतं. कॉलेजच्या खेळांची संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या सगळ्यात वरच्या गटाला, डिव्हिजन वनला, इंग्रजी, गणित, विज्ञान वगैरेचे १६ कोअर कोर्स लागतात आणि ते नववीपासून चार वर्षांत व्हावे लागतात. त्यातले १० शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी. वेळेत शाळा पूर्ण केली तर नंतरचा फक्त एक कोर्स धरतात. दहावी दोनदा केली तर तुमच्या मुलाची बारावी पाचव्या वर्षी येईल. शिवाय बऱ्याच राज्यांच्या शालेय खेळांच्या संघटना नववीपासून आठच सेमिस्टर, म्हणजे चार वर्षं, खेळू देतात. म्हणजे ज्या वर्षी तो सगळ्यात तगडा असेल, नेमक्या त्याच वर्षी त्याला प्रेक्षकांत बसावं लागू शकतं. खासगी शाळांच्या लीगचे नियम वेगळे असतात, म्हणून नव्या शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडून हे लेखी घ्या. कोचच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. खेळासाठी दुसऱ्या शाळेतली मुलं ओढायला बहुतेक संघटनांच्या नियमांत मनाई असते, तरी हे गृहस्थ तुमच्या यजमानांशी बोलले, तेव्हा त्यांचा नियमांशी किती घरोबा आहे ते दिसतंच आहे. आणि एका वर्षाची जादा फी? तुमच्या भागातल्या काही शाळांत ती ३० हजार डॉलरच्या पुढे जाते.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात मुलाच्या पोझिशनचा उल्लेख फक्त एका शब्दात आहे, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. मुलांच्या लॅक्रॉसमध्ये मैदानात दहा जण असतात : तीन अटॅक, तीन मिडफिल्ड, तीन डिफेन्स आणि गोली. शाळेचा सामना ४८ मिनिटांचा. अटॅकचे तिघं फारसे बदलत नाहीत. जमलेलं त्रिकूट कोच सहसा मोडत नाही. मिडफिल्डर सबंध मैदान पळतात, दमतात, म्हणून त्यांच्या दोन-तीन फळ्या आलटून पालटून आत-बाहेर होत राहतात. त्यात पुन्हा फेसऑफचा (खेळ सुरू होताना बॉल मिळवणारा) वेगळा, लांब काठीचा वेगळा, आखूड काठीने बचाव करणारा वेगळा. म्हणजे अटॅकमध्ये चौथा असणं हे क्रिकेटच्या संघात दुसरा यष्टिरक्षक असण्यासारखं, आणि मिडफिल्डमध्ये सातव्या-आठव्या मुलालाही रोज काम असतं.

मग नव्या शाळेत काय होईल? अटॅकच्या जागा तिथेही तीनच. त्या तिघांपैकी एकाला उठवून तुमचा मुलगा बसेल, आणि त्याची आई मला असंच पत्र लिहील. जो कोच यंदा बाहेरून मुलगा आणतो, तो पुढच्या वर्षी आणखी एक आणणार नाही कशावरून? आलेल्या दोन मुलांचा तुम्हाला राग आलाय, तो मी समजू शकते. पण तुम्ही जे करायला निघालात, तेच त्यांच्या घरच्यांनी केलं, एवढं ध्यानात असू द्या.

माझं मत विचाराल तर त्याने याच शाळेत राहून आखूड काठीच्या बचावात्मक मिडफिल्डसाठी तयारी करावी. या जागेसाठी मुलं भांडत नाहीत, कारण गोल करणाऱ्यांच्या यादीत नाव येत नाही. पण जमिनीवरचा बॉल उचलणारा, पाय न गुंतवता समोरच्याला अडवणारा मुलगा प्रत्येक कोचला हवा असतो. अटॅकवर खेळलेला असल्यामुळे अटॅकमन काय करणार हे त्याला आधीच कळतं, ही त्याची कमाई आहे.

यंदाची मिनिटं गेली म्हणजे कॉलेज गेलं, असंही नाही. वसंतात, म्हणजे शाळांच्या सीझनमध्येच, कॉलेजचे कोच स्वतःच्या सीझनमध्ये अडकलेले असतात. मुलं ते मुख्यतः उन्हाळ्यातल्या क्लब टूर्नामेंटमध्ये बघतात. डिव्हिजन वनच्या कोचला मुलाशी संपर्क साधता येतो तो अकरावीच्या वर्षी १ सप्टेंबरपासून, म्हणजे तुमचा उन्हाळा अजून हातात आहे. स्कॉलरशिपच्या भरवशावर मात्र हिशेब मांडू नका. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये मुलांच्या अख्ख्या संघाला मिळून १२.६ पूर्ण स्कॉलरशिपइतक्या रकमेची मर्यादा होती. २०२५ मध्ये एनसीएएवरच्या खटल्यात तडजोड झाली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत ही मर्यादा गेली, पण संघात ४८ जणांचीच अट आली. एनसीएएच्या तिसऱ्या गटात, डिव्हिजन थ्रीत, आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे) खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच. तिथे लॅक्रॉस दार किलकिलं करतं, बाकी काम मार्कांचं.

२०२८च्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये मुंबईतल्या बैठकीत झाला, म्हणून आपल्याला जरा जास्तच जवळचा वाटतो. पण तिथला प्रकार सहा-सहा जणांचा आहे, आणि त्यावरून दहावीच्या मुलाची शाळा ठरवणं म्हणजे बाजारात तुरी.

कोचला भेटायला मुलाने एकट्याने जावं, तुम्ही दोघांनी नाही. 'मला मिनिटं का देत नाही' असं न विचारता 'पुढच्या वर्षी मिडफिल्डच्या दुसऱ्या फळीत यायला मला काय जमायला हवं' असं विचारावं, आणि उत्तर वहीत लिहून घ्यावं.

त्याआधी एकदा, यजमान घरी नसताना, त्याला विचारा : उद्यापासून लॅक्रॉस नसेल, तरी याच शाळेत राहायला आवडेल का? सामन्याहून परतताना गाडीत विचारू नका, जेवायला वाढताना विचारा. 'हो' म्हणाला तर शाळेचा प्रश्न मिटला. 'नाही' म्हणाला तर मला पुन्हा लिहा, कारण मग बेंचखेरीज त्या शाळेत आणखी काय चाललंय ते बघावं लागेल.