विचारा बिनधास्त: नदी उलटी वाहते तेव्हा

प्रश्न: ताई, आम्ही पाच मित्रमैत्रिणी पहिल्यांदाच ऑनलाइन पझल हंटमध्ये (टीमने मिळून एकामागून एक कोडी सोडवायची स्पर्धा) उतरलो. रात्री नऊ ते दोन व्हिडिओ कॉलवर बसून फक्त दोन पझल सुटली. एक क्लू होता, 'उलटी वाहणारी नदी बिचारी (२)'. आम्ही दीड तास उलट दिशेला वाहणाऱ्या नद्या गुगल करत बसलो, नकाशे काय उघडले, काही विचारू नका. उत्तर कळल्यावर स्वतःचाच राग आला. कुठे चुकतंय आमचं?

उत्तर: नकाशा उघडलात ना, तिथेच चुकलं. अरे, क्रिप्टिक क्लू हा जनरल नॉलेजचा प्रश्न नसतोच मुळी, वाक्य वाचून जो सरळ अर्थ डोक्यात येतो तो तुम्हाला गंडवायलाच ठेवलेला असतो. क्लूत दोन तुकडे असतात, एकात उत्तराचा साधा अर्थ आणि दुसऱ्यात त्याच उत्तराची अक्षरं कुठून आणायची त्याची कृती, आणि अर्थाचा तुकडा क्लूच्या एका टोकाला असतो, सुरुवातीला नाहीतर शेवटी, मधे नाही. म्हणजे आधी दोन्ही टोकं चाचपायची. इथे शेवटी 'बिचारी' आहे, उरलं काय तर उलटी नदी. नदी उलटी लिहा की, दी आणि न, झालं 'दीन'. कंसातला २ म्हणजे उत्तरातली अक्षरं. पाण्याचा काही संबंधच नाही!

आता 'उलटी' हा शब्द जसा इशारा देतो तसे बाकीचेही ठरलेले असतात. विस्कटलेलं, बिघडलेलं, नाचणारं असं काही दिसलं की अक्षरांची फिरवाफिरव. आत, पोटात, दडलेलं म्हटलं की उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. 'दिवस काळजीत दडलेली दुपारच्या आधीची वेळ (३)', हे मोठ्याने वाचा आणि दोन शब्दांमधली जागा विसरा. दिव-सकाळ-जीत. दिसली का सकाळ?

हंटमध्ये मात्र एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात १९८१ पासून दर जानेवारीला मिस्टरी हंट होतो, जिंकणारी टीम पुढच्या वर्षीचा हंट लिहिते (बक्षीस म्हणून डबल काम!), आणि तिथली बहुतेक पझल्स काय करायचं हे सांगतच नाहीत. पुढे जगभर जे ऑनलाइन हंट निघाले त्यातल्या बऱ्याच जणांनी तीच पद्धत उचलली. म्हणून पझलच्या वर जी दोन ओळींची गोष्ट असते ती शोभेची समजू नका. मी समजले होते. आमच्या टीमने दहा क्लू फोडले, पहिली अक्षरं ओळीने लावली, त्याच्या शेवटी आलं टी, यू, पी, ओ, एफ. तुपॉफ? कुठल्यातरी भाषेतला शब्द असेल म्हणून तीन डिक्शनऱ्या पालथ्या घातल्या, एकाने तर ते आडनाव असेल म्हणून शोध चालवला. आणि वरच्या गोष्टीत काय होतं, 'म्हातारा प्रत्येक वेळी एक पाऊल मागे घ्यायचा'. प्रत्येक अक्षर एक घर मागे घेतलं की एस, टी, ओ, एन, ई. स्टोन. रात्रीचे अडीच वाजले होते, कोणी हसलं पण नाही.

तेव्हापासून मी आधी मोजते. पझलमधले सगळे आकडे १ ते २६ मधले असतील तर बहुधा इंग्लिश अक्षरं. ११८ पर्यंत जात असतील तर मूलद्रव्यांचा तक्ता उघडायचा. सहा-सहा ठिपक्यांची घरं म्हणजे ब्रेल. दोनच प्रकारच्या वस्तू पाच-पाचच्या गटात दिसल्या की बायनरी (नुसत्या ० आणि १ ने लिहिलेले आकडे), नाहीतर इंग्लिश विचारवंत फ्रान्सिस बेकनचा सिफर, म्हणजे सांकेतिक लिपी, तो १६२३ मध्ये छापून आलाय आणि लोक अजून वापरतात.

प्रश्न: आमच्यातला एक जण फार हुशार आहे, तो गप्प बसून सोडवतो आणि थेट उत्तर टाकून मोकळा होतो. बाकीचे नुसते बघे. त्याला कसं सांगायचं?

उत्तर: त्याला सांगू नका, शीटला सांगा. सगळ्यांची एकच शेअर्ड शीट करा, उत्तराच्या बाजूला 'कसं आलं' असा रकाना ठेवा, आणि तो रिकामा असेल तर उत्तर सबमिट करायचं नाही. हे काही त्याला धडा शिकवायला नाही हं, शेवटच्या मेटा पझलमध्ये आधीची सगळी उत्तरं परत लागतात आणि तेव्हा हा हुशार माणूस हमखास झोपलेला असतो. अर्धवट, चुकीचं, वेडगळ वाटणारंही शीटमध्ये टाकायचं. आमच्याकडे एकीला क्रिप्टिक अजिबात येत नाही, ती फक्त क्लू मोठ्याने वाचते, आणि उच्चारावरचे श्लेष सगळ्यात आधी तिलाच सापडतात, कारण बाकीचे डोळ्यांनी वाचतात ना.

प्रश्न: हिंट घेणं म्हणजे चीटिंग का?

उत्तर: नाही हो. पाऊण तास शीटमध्ये एकही नवीन ओळ पडली नसेल तर घ्या. फक्त विचारताना 'काहीच कळत नाही' असं लिहू नका, कुठपर्यंत आलात ते लिहा, नाहीतर तुम्हाला जे आधीच माहितीये तेच परत मिळेल आणि हिंट वाया.

प्रश्न: मित्रांसाठी मराठीतच छोटा हंट बनवायचाय. मराठीत असे क्लू जमतात का? का इंग्लिशचीच मक्तेदारी?

उत्तर: जमतात की! 'विस्कटलेलं कमल कायद्यात सापडतं (३)', उत्तर कलम. पण इंग्लिशमध्ये अक्षरं सुटी असतात, आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटून येतात, त्यामुळे फिरवाफिरवीला शब्द कमी मिळतात. उलटवणं, लपवणं आणि दोन शब्द जोडणं मात्र झकास होतं, मान आणि पत्र जोडून मानपत्र वगैरे. आपल्या शब्दकोड्यात जोडाक्षराला एकच घर असतं, तोच हिशोब ठेवा, म्हणजे मानपत्र चार अक्षरी. आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळणार की नाही ते सुरुवातीलाच लिहून टाका. तो नदीचा क्लू मी आमच्या ग्रुपवर टाकला होता, एकाने 'दिन' उत्तर दिलं, 'बिचारी'चं काय म्हटलं तर म्हणे बिचारी म्हणजे दीन आणि दीन म्हणजे दिनच ना, लिहिताना कोण बघतं. वीस मिनिटं वाद चालला, शेवटी पॉइंट द्यावा लागला, कारण नियम मी लिहिलाच नव्हता.