युद्धात अनाथ झालेल्या मुलाच्या सूडाची कादंबरी पुण्यात घडवली तर पटेल का?

तुम्ही विचारलंय की नायकानं लहानपणी दुसऱ्या महायुद्धात आईबाप गमावलेत आणि मोठेपणी तो पुण्यात सूड घेतो, अशी थरारक कादंबरी लिहायची आहे. पण पुण्यात ना बॉम्ब पडले ना फौजा घुसल्या, मग हे सगळं उपरं वाटेल का?

अजिबात नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. (ते गेल्यावर तिथं फाळणीनंतर आलेले सिंधी राहिले, आजचं गांधीनगर ते हेच.) माझं आजोळ त्या भागातलं, त्यामुळं ‘पोलंडवाले’ लहानपणापासून कानावर आहेत, आणि त्यांच्यावर मराठीत कुणी थरारकथा लिहावी असं मला फार वर्षं वाटत आलंय. छावणीतली एखादी मुलगी इथंच लग्न करून कायमची राहिली, असंही घडलेलं आहे. म्हणून माझा पहिला आग्रह असा की नायक सोडा, नायिका घ्या. जन्म १९३४चा, बोलणं कोल्हापुरी वळणाचं, लग्नानंतर पुण्यात.

तिचं बालपण तुम्हाला कल्पनेनं रचावं लागणार नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्वेकडून रशियन फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि पोलिश अधिकारी कैद झाले. त्यात राखीव दलातले डॉक्टर, शिक्षक, वकील बरेच होते. तिचा बाप रशियातल्या कोझेल्स्कच्या कैदी छावणीत, त्याची पत्रं घरी येतायत. मार्च १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याचा हुकूम निघाला की कैद्यांच्या कुटुंबीयांची नावं आणि घरचे पत्ते यांच्या याद्या करा. १३ एप्रिलला ही कुटुंबं उचलून कझाकस्तानात धाडायला सुरुवात झाली. त्याच दिवसांत स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात बापांना डोक्यात मागून गोळ्या घातल्या जात होत्या. तिथं मारलेल्या मेजर सोल्स्कीची डायरी पुढं प्रेतासोबत सापडली. शेवटची नोंद ९ एप्रिलची आहे: झडती घेतली, लग्नाच्या अंगठीबद्दल विचारलं, रूबल, कमरेचा पट्टा, खिशातला चाकू आणि घड्याळ काढून घेतलं. घड्याळात किती वाजले होते तेही त्यानं लिहिलंय. एवढं वाचलं की तुमच्या पात्राच्या बापाचा शेवट कसा लिहायचा हे वेगळं सांगायला नको. हल्ली मरणाची वर्णनं पानोपानी असतात, त्यातलं काहीही या चार वस्तूंइतकं अंगावर येत नाही.

पुढचा प्रवास झपाट्यानं उरका: हिटलरनं रशियावर हल्ला केला, रशिया आणि पोलंड एका बाजूला आले, म्हणून १९४१ मध्ये सुटका, १९४२ मध्ये इराण, मग हिंदुस्थान. आई वाटेत गेली असं करा. पुणे स्टेशनवर मात्र थांबा. पुण्यापुढची लाइन तेव्हा मीटर गेजची, म्हणजे अरुंद रुळांची होती, मुंबईहून कोल्हापूरकडं जाणाऱ्याला इथं गाडी बदलावीच लागे. नऊ वर्षांची पोर पहिल्यांदा पुणं बघते ती या फलाटावर.

आता सूड. १३ एप्रिल १९४३ला बर्लिन रेडिओनं जाहीर केलं की कातिनला पोलिश अधिकाऱ्यांच्या कबरी सापडल्या, मारेकरी रशियन. मॉस्को म्हणालं, जर्मनांनीच मारले. हा आळ १९४६ मध्ये नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यातही जर्मनांवर ठेवला गेला, निकालात मात्र त्याचा उल्लेख नव्हता. वाचक इथं तुम्हाला पकडेल: कझाकस्तान भोगून आलेल्या पोलिश लोकांना रशियाचा संशय होताच की! होता. तरीही तुमच्या पोरीनं जर्मनांवरच विश्वास ठेवायचा, कारण स्मोलेन्स्क हजारो मैलांवर आहे आणि जर्मन माणूस हाताच्या अंतरावर. युद्धकाळात ब्रिटिशांनी पुरंदर किल्ल्यावर जर्मन नजरकैदेत ठेवले होते. त्यातलाच एक सुटकेनंतर पुण्यात राहिला असं धरा. हाच माझ्या उत्तराचा गाभा आहे: ज्याच्यापर्यंत हात पोचतो त्याच्यावर सूड जातो. तुमच्या नायिकेनं गुन्हेगार पुराव्यानं न शोधता जवळचा म्हणून निवडला, तर तिचा सूड वाचकाला पटतोही आणि त्याची भीतीही वाटते. आणखी एक गोष्ट वापराच. पुरंदरवर हिटलरपासून जीव वाचवून पळालेले ज्यूसुद्धा होते, जर्मन नागरिक म्हणून ब्रिटिशांनी धरलेले. तिनं मारलेला माणूस त्यातला एक निघू द्या.

१३ एप्रिल १९९०ला सोव्हिएत सरकारनं कातिनची हत्या आपल्या गुप्त पोलिसांनी केल्याचं कबूल केलं. बातमी वाचायची ती १४ तारखेच्या सकाळी, बाहेर आंबेडकर जयंतीचे लाउडस्पीकर लागलेत आणि ती छप्पन्नाव्या वर्षी पेपर हातात धरून उभी आहे. हा प्रसंग शेवटी ठेवू नका. शेवटी ठेवलात तर तो नुसता धक्का होतो आणि पुस्तक तिथंच संपतं. पुस्तकाच्या मध्यावर आणा, कारण खरा पेच तिथून सुरू होतो. स्तालिन १९५३ मध्ये गेला, बेरियाला त्याच वर्षी त्याच्याच लोकांनी गोळी घातली. जे खरे दोषी, त्यातलं वरचं कुणी उरलेलं नाही. आणि तिच्या हातून एक निरपराध माणूस गेलाय.

त्या माणसाला एक मुलगा असू द्या. बाप गेला तेव्हा तो सात-आठ वर्षांचा, आता चाळिशीच्या आसपास, पुण्यातलाच, तिच्या घरी येणंजाणं असलेला. पुस्तकाचा दुसरा अर्धा त्याच्या शोधाचा. पण तो बापाच्या मारेकऱ्याला पुराव्यानं गाठणारा हवा, कागद जुळवत, घाई न करता. ती त्याला मदत करते का अडवते, हे मी तुमच्या जागी असतो तर लिहिता लिहिताच ठरवलं असतं. लिहिण्यापूर्वी पुरंदरवर एकदा जाऊन या, आणि वळिवड्यालाही.