वर्षाचे पैसे भरल्यावर मध्येच जाहिराती: तक्रार कुठे आणि कशी?

कराडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आहे. “एका ओटीटी सेवेची वार्षिक वर्गणी आम्ही १,२०० रुपये भरून घेतली. तेव्हा जाहिराती नव्हत्या. चार महिन्यांनी ईमेल आला, की आता मध्ये जाहिराती दिसतील, नको असतील तर वर्षाला आणखी ६०० रुपये भरा. दुसऱ्या एका कंपनीच्या सेवेचा पासवर्ड पुण्यात शिकणारा मुलगा आणि गावी राहणाऱ्या सासूबाई वापरतात. तिथे आता ‘हे उपकरण तुमच्या घरातले नाही’ असा संदेश येतो. दीर म्हणतात, पासवर्ड देणे हा सायबर गुन्हा आहे, तक्रार केली तर आपणच अडकू. सासूबाई घाबरल्या आहेत. काय करावे?”

ताई, आधी सासूबाईंची भीती घालवू या. दीर ज्या कलमाबद्दल बोलत असावेत ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६सी. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. कलमाचा सगळा भार ‘लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे’ या शब्दांवर आहे. बँकेचा पासवर्ड चोरून पैसे काढणाऱ्यासाठी ते केलेले आहे. सुनेने स्वतःच्या हाताने टीव्हीवर खाते चालू करून दिले आणि सासूबाईंनी मालिका पाहिली, यात कसली लबाडी? त्यांना सांगा, दारात पोलीस येणार नाहीत. टेलिग्रामवर अनोळखी माणसांना महिन्याच्या भाड्याने पासवर्ड विकणारे मात्र वेगळ्या वाटेवर आहेत. तिथे पैसे कमावण्याचा हेतू उघड दिसतो आणि त्या फंदात मुलानेही पडू नये.

गुन्हा नाही, पण म्हणून तो तुमचा हक्क ठरत नाही. खाते उघडताना ज्या अटींना आपण ‘मान्य’ म्हणतो त्यांत बहुतेक कंपन्यांनी ‘एकाच घरातल्या माणसांसाठी’ असे लिहिलेले असते. पूर्वी कंपन्या त्याकडे काणाडोळा करत. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतात ही अट लागू करायला सुरुवात केली. कोणते उपकरण कुठल्या घरातले हे ते आयपी पत्ता, उपकरणाची ओळख आणि खात्यावरचा वापर यांवरून ठरवतात. अट करारात पहिल्यापासून असेल आणि कंपनीने ती उशिरा अमलात आणली असेल, तर ‘इतकी वर्षे चालले’ हे म्हणणे ग्राहक आयोगापुढे फार टिकत नाही. ‘एकाच वेळी चार पडद्यांवर पाहा’ या वाक्याचाही अर्थ चार घरे असा होत नाही. तुम्ही योजना घेतलीत तेव्हा कंपनीने ‘कुठूनही, कुणालाही’ अशी स्पष्ट जाहिरात केली होती आणि ती तुमच्याकडे जपून ठेवलेली आहे, एवढ्या एकाच परिस्थितीत मी तुम्हाला या मुद्द्यावर भांडायला सांगेन. एरवी मुलासाठी आणि सासूबाईंसाठी स्वस्तातली वेगळी योजना घ्या आणि हा विषय इथेच सोडा. तुमची ताकद जाहिरातींच्या तक्रारीवर लावा, कारण तिथे तुमच्यावर खरोखर अन्याय झाला आहे. शिवाय दोन्ही कंपन्या वेगळ्या आहेत. एकीकडची तक्रार दुसरीकडे तुमच्या अंगावर उलटत नाही.

आता जाहिरातींकडे येते. खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ भरले आणि पंधराव्या दिवशी मालक म्हणाला, ‘उद्यापासून ताटात भाजी हवी असेल तर वेगळे पैसे’, तर आपण काय म्हणू? पुढच्या महिन्यापासून काय वाटेल ते कर, हा महिना ठरल्याप्रमाणे वाढ. तुमच्या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे. पुढच्या वर्षी कंपनीने जाहिराती दाखवाव्यात, दर दुप्पट करावा, तो तिचा अधिकार. आपल्याला परवडले तर घ्यायचे, नाही तर नाही. पण या वर्षाचे पूर्ण पैसे तिने आधीच घेतले आहेत आणि त्यातले आठ महिने अजून शिल्लक आहेत. भांडण त्या आठ महिन्यांचे आहे.

कंपनी उत्तर देईल, की ‘सेवेत केव्हाही बदल करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला आहे’ अशी अट तुम्ही मान्य केलीत. या उत्तराने पुष्कळ लोक गप्प बसतात, म्हणून इथे थोडे थांबते. भारतीय करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार आणायचा तर दोन्ही पक्षांची संमती लागते. आणि एका बाजूने छापलेल्या, दुसऱ्या बाजूला एक शब्दही बदलता येत नाही अशा करारांकडे आपली न्यायालये डोळे मिटून पाहत नाहीत. २०१९ मध्ये पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बिल्डरने करारात घातलेल्या एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि ग्राहकाला त्या बांधील ठरत नाहीत. प्रकरण फ्लॅटचे होते, रक्कम कोटींची होती. पण तत्त्व तेच आहे. सही करण्याशिवाय ज्याच्यापुढे पर्याय नव्हता, त्याच्यावर अन्यायकारक अट लादता येत नाही.

परदेशात याच प्रश्नावर दोन वेगळी उत्तरे मिळाली आहेत. ॲमेझॉनने २०२४ च्या सुरुवातीला अमेरिका, जर्मनी आणि इतर काही देशांत प्राइम व्हिडिओवर जाहिराती आणल्या. भारतात त्या १७ जून २०२५ पासून आल्या आणि त्या टाळण्यासाठी वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये असा दर लावला गेला. अमेरिकेत ग्राहकांनी दावा केला तेव्हा न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मानले: ही दरवाढ नाही, सदस्यत्वाच्या लाभांतला बदल आहे आणि तो करण्याची मुभा करारात आहे. जर्मनीत ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने ग्राहकाच्या संमतीशिवाय केलेला हा बदल बेकायदा ठरवला. आपला कायदा मला जर्मन निकालाच्या जवळचा वाटतो, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने अनुचित कराराची व्याख्याच कलम २(४६) मध्ये केलेली आहे आणि ग्राहकाचे नुकसान करणारी अवाजवी आकारणी किंवा अट तिच्यात येते.

इथे एक फाटा आहे, तिथे चुकू नका. तक्रारीत ‘हा करारच अनुचित आहे, तो रद्द करा’ असे लिहिले तर ते प्रकरण जिल्हा आयोगाच्या अधिकारात राहत नाही, राज्य आयोगाकडे जाते. तुम्हाला मुंबई गाठायची गरज नाही. तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन शब्दांत मांडा, म्हणजे ती जिल्हा आयोगापुढे चालते. पायोनियरचा निकाल इथेच उपयोगी पडतो. करारात दिल्लीच्या किंवा बंगळुरूच्या न्यायालयाचे नाव असेल, लवादाचे, म्हणजे भांडण न्यायालयाऐवजी पंचाकडे नेण्याचे, कलम असेल, तरी घाबरू नका. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे, तुमच्यासाठी सातारा. लवादाच्या कलमाने ग्राहक आयोगाची दारे बंद होत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्येच मान्य केले आहे.

नुकसान किती मागायचे? आकडा कंपनीनेच दिला आहे. जाहिरातींशिवाय पाहण्याची किंमत वर्षाला ६०० रुपये असे तिनेच लिहिले. म्हणजे आठ महिन्यांचे ४०० रुपये. तेवढ्या मोलाची गोष्ट तुम्ही विकत घेतलेल्या सेवेतून काढून घेतली गेली. मागणी दोन पर्यायांत करा: उरलेले आठ महिने जादा पैसे न घेता जाहिरातींशिवाय सेवा द्या, नाही तर उरलेल्या काळाचे ८०० रुपये परत करून वर्गणी बंद करा. मानसिक त्रासापोटी लाखांचे आकडे घालू नका. त्याने खऱ्या मागणीचे वजन कमी होते. रक्कम लहान आहे म्हणून लाजूही नका. लाखो घरांतून असेच चारशे रुपये जातात आणि कुणी विचारत नाही.

पहिले पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. मजकूर साधा ठेवा: “अमुक तारखेला मी एका वर्षाची वर्गणी भरली. त्या वेळी सेवा जाहिरातींशिवाय होती. मुदत संपण्याआधी केलेला बदल मला मान्य नाही. सेवा वापरत राहणे म्हणजे माझी संमती समजू नये.” हे शेवटचे वाक्य गाळू नका. घरातल्यांना जाहिराती सोसवत नसतील आणि तुम्ही ते ६०० रुपये भरणारच असाल, तर भरण्याआधी ‘हक्क राखून, निषेधासह भरत आहे’ असा ईमेल पाठवा. मुकाट्याने भरले तर पुढे संमती दिली असे म्हटले जाईल.

महिन्यात काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. तिथेही नाही मिटले तर ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, मात्र जाऊ नका. दूरचित्रवाणीवर तासाला बारा मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत हा नियम केबलच्या वाहिन्यांचा आहे, ओटीटीला तो लागू नाही.

पुरावा म्हणून वर्गणी भरल्याचा ईमेल, बँकेची नोंद, बदल कळवणारा ईमेल आणि जाहिरात चालू असतानाचा तारखेसह फोटो एवढे ठेवा. वर्गणीच्या ईमेलमध्ये किंवा योजनेच्या वर्णनात ‘जाहिरातमुक्त’ हा शब्द असेल तर तुमची बाजू फारच भक्कम आहे. मात्र थेट क्रिकेट सामन्यांना त्यातून वगळलेले असते, तेवढे पाहून घ्या. शब्द नसेल आणि प्रत्यक्षात फक्त जाहिराती नव्हत्या, तर बाजू थोडी नरम होते, तरीही मांडण्याजोगी राहते.

वर्ष संपायच्या आत ऑटो-पे बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि तो व्यवहार नाकारण्याची सोय हवी. कंपनीच्या ॲपमध्ये ‘रद्द करा’ हे बटण दडवून ठेवलेले असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीतून बाहेर पडणे अवघड करून ठेवण्याला फसव्या युक्त्यांच्या यादीत घातले आहे आणि तीच बाब तक्रारीत जोडता येते.

खाते तुमच्या नावावर आहे की यजमानांच्या, हे पत्रात लिहिलेले नाही. पैसे त्यांच्या कार्डावरून गेले असतील तर तक्रारदार म्हणून दोघांचीही नावे घाला. पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा वापरणाराही या कायद्यात ग्राहकच धरला जातो, त्यामुळे तुमचे नाव आहे म्हणून कंपनीला हरकत घेता येणार नाही.