मुलांना सरकारी मत्स्यबीज केंद्र बघायला कधी न्यावं?

जुलैमध्ये न्या. मी पहिल्यांदा भाच्याला घेऊन गेलो ते जानेवारीत, त्याला सुट्टी होती म्हणून, आणि वॉचमननं गेट उघडलं तर आत सगळ्या टाक्या कोरड्या, एका हौदात वाळलेली पानं आणि एक बेडूक. भाचा सहावीत आहे, येताना गाडीवर मागे बसून एक शब्द बोलला नाही.

तुम्ही विचारलंय की आठ-दहा वर्षांच्या पोरांना तिथे बघण्यासारखं काही असतं का. असतं हो, पण सीझनला. तिथे शेतकऱ्यांना तळ्यात सोडायला माशांची पिल्लं तयार करून देतात. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात अंडीच घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं, म्हणून केंद्रात हार्मोनचं इंजेक्शन देऊन गोल टाकीत सोडतात आणि पाणी सारखं फिरतं ठेवतात, म्हणजे माशाला वाटतं पूर आला. आपल्याकडे या माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावणं जमवलं मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी, १० जुलै १९५७ ला ओडिशात, तेव्हा दुसऱ्या माशाच्या मेंदूखालची ग्रंथी काढून तिचा अर्क टोचायचे, आता तयार बाटली मिळते.

दुसऱ्या वेळी मी आधी फोन केला (हे नक्की करा) आणि ते म्हणाले संध्याकाळी या, आज इंजेक्शन आहे. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं स्पंजवर रोहू धरला आणि भाच्याला म्हणाला, कल्ल्यामागच्या परावरून बोट फिरव. खरखरीत, पॉलिश पेपरसारखा. तो नर. मादीचा पर गुळगुळीत आणि पोट मऊ, फुगलेलं. एका किलोच्या मादीत दोनेक लाख अंडी असतात म्हटल्यावर भाच्यानं मासा एकदम आदरानं बघितला.

अंडी रात्री पडतात, तेव्हा थांबू देत नाहीत, म्हणून आम्ही सकाळी लवकर परत गेलो. खरं बघायचं ते हेच. त्यांनी टाकीतून पांढऱ्या वाडग्यात थोडी अंडी काढून दिली, हुबेहूब भिजवलेला साबुदाणा, पण प्रत्येक दाण्यात एक स्वल्पविराम, आणि नीट बघितलं की तो मधूनच टुणकन हलतो. "मामा, हा आतून लाथ मारतोय!" वाडगं सोडायलाच तयार नाही. अंडी घातल्यापासून चौदा ते अठरा तासांत पिल्लं बाहेर येतात, मग तीन दिवस पोटाशी चिकटलेल्या बलकावर जगतात.

त्यापुढची स्टेज शेजारच्या टाकीत होती, आधीच्या बॅचची. त्याला मत्स्यजिरे म्हणतात आणि दिसतंही जिऱ्यासारखंच, फक्त पळणारं. ते अजून वाढून इंचभर झालं की मत्स्यबीज आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. शेतकरी टेम्पो घेऊन आलेले, मोजणी चालली होती जाळीच्या छोट्या वाटीनं, म्हणजे एक वाटी एकदाच मोजायची आणि पुढे नुसत्या वाट्या मोजायच्या. भाच्यानं विचारलं, काका, चुकलं तर? ते म्हणाले, चुकलं तर दोन वाट्या जास्त जातात, कमी नाही. शेतकरी हसले, पण त्यांचा विश्वास बसलाय असं काही वाटलं नाही. मग प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर सगळा ऑक्सिजन भरून रबरानं तोंड आवळायचं आणि टेम्पोत.

बाकी, काठावर शेवाळ असतं, पोरांना ग्रिपवाल्या चपला घाला, आणि हात साबण-क्रीम लावलेले असतील तर पाण्यात घालू देऊ नका. रविवार टाळा, टाकी चालू असते पण समजावून सांगणारं कुणी भेटेलच असं नाही. आणि पोरगं घरी न्यायला मागणारच, आमच्याला पाचच हवे होते, पण तिथला हिशोब हजारात चालतो.