लेडीज स्पेशल आली म्हणून सीट सोडायची का?

प्रश्न : ताई, मी पुण्यात रोज कात्रजहून मनपाला बसने जाते. स्वारगेटला एवढी गर्दी चढते की मंडईपर्यंत नीट उभंही राहता येत नाही, आणि डावीकडच्या लेडीज सीटवर पुरुष बसलेले, उठा म्हटलं की खिडकीबाहेर बघतात. परवा दीर म्हणाले, तुम्हाला वेगळी बस दिलीय ना, मग आमच्या बसमध्ये राखीव सीट कशाला? मला तेव्हा काही सुचलंच नाही. त्यांचं बरोबर आहे का?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. "आमची बस" म्हणतात ना, चूक तिथेच आहे, ती बस जेवढी त्यांची तेवढीच तुमची. पुण्यात महिलांसाठीची तेजस्विनी बस ८ मार्च २०१८ ला सुरू झाली, दर महिन्याच्या ८ तारखेला तिच्यात बायकांना मोफत प्रवास असंही ठरलं होतं. मुंबईत तर चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल लोकल १९९२ पासूनची, पण म्हणून बाकीच्या लोकलमधले लेडीज डबे कोणी काढले का? हेच सांगा दिरांना.

मला स्वतःला लेडीज बस मनापासून हवी आहे. साध्या बसमध्ये आपला एक हात दांड्याला आणि दुसऱ्या हाताने पर्स छातीशी घट्ट धरलेली, ती काही पैशांसाठी नसते, मध्ये आड काहीतरी असावं म्हणून असते. लेडीज बसमध्ये गर्दी तेवढीच असली, ब्रेक लागला की सगळ्या एकमेकींवर पडत असल्या तरी तो हात खाली येतो, पर्स खांद्यावर जाते. हे दिरांना कळणार नाही कदाचित, पण सांगून बघा.

पण बाईचा दिवस एका बसच्या टायमिंगवर चालत नाही ना, आधी मुलाला शाळेत सोडायचं, मग ऑफिस, येताना भाजी, मध्येच सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, आणि सासऱ्यांना घेऊन लेडीज बसमध्ये कशा चढणार? म्हणून वेगळी बस पण हवी, तिच्या फेऱ्या पण वाढायला हव्यात, आणि प्रत्येक बसमधली डावी रांग तर हवीच हवी.

सीटवर कोणी बसलं असेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, सरळ कंडक्टरला मोठ्याने सांगा, "लेडीज सीट खाली करून द्या". शेजारची एखादी तरी बोलतेच तुमच्या बाजूने. आणि कोणी अंगाला हात लावला तर मात्र थांबू नका, ११२ ला फोन करा.

प्रश्न : बायकांना अर्धं तिकीट आहे ना, मग सिटी बसमध्ये पूर्ण का घेतात?

उत्तर : ती सवलत एसटीची, मार्च २०२३ पासूनची. पीएमपीला, म्हणजे पुण्याच्या सिटी बसला, ती लागू नाही. स्वारगेटला दोन्ही स्टँड जवळजवळ असल्यामुळे खूप जणींचा हा गोंधळ होतो. सातारला जाताना अर्धं, हडपसरला जाताना पूर्ण.