आधी कारण लेखी माग

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. क्रेडिट स्कोअर ७८२, एकही हप्ता चुकलेला नाही, तरी बँकेनं क्रेडिट कार्ड नाकारलं. राग येणारच. पण त्या रागाच्या भरात तू त्याच आठवड्यात आणखी तीन बँकांत अर्ज टाकलेस, ते मला मुळीच पटलेलं नाही. प्रत्येक अर्जामागे बँक तुझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज आणि हप्त्यांच्या नोंदी, मागवते आणि त्या चौकशीची नोंद तारखेसकट रिपोर्टात बसते. चौथ्या बँकेला आठवड्याभरातल्या या सगळ्या चौकशा ओळीनं दिसतात आणि ती एवढंच धरते की या मुलाला पैशाची निकड आहे. आता निदान सहा महिने नवा अर्ज नाही. कुणा एजंटाचा फोन आला, 'प्री-अप्रूव्ह्ड' म्हणाला, तरी नाही.

पहिलं काम एकच. कारण लेखी माग. फोनवर नको. कस्टमर केअरवरचा माणूस 'इंटर्नल पॉलिसी' एवढंच सांगेल, कारण बहुतेकदा त्याच्या स्क्रीनवर तेवढंच असतं. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांविषयीच्या निर्देशांत स्वच्छ लिहिलंय की अर्ज नाकारला तर त्याचं नेमकं कारण बँकेनं अर्जदाराला लेखी कळवायचं. म्हणजे तू मेहेरबानी मागत नाहीयेस. ईमेलमध्ये अर्ज क्रमांक, तारीख, नकाराच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि दोन प्रश्न: नेमकं कारण काय, आणि कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट पाहिला? बस्स. स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल एक ओळही लिहू नकोस.

दुसरा प्रश्न मी उगाच घालायला सांगत नाही. आपल्याकडे ब्युरो, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपन्या, चार आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तू ॲपवर पाहिलेला ७८२ त्यातल्या एकाचा. बँकेनं दुसऱ्याचा पाहिला असेल आणि तिथे तुझ्या पॅनवर एखादं भलतंच कर्ज चिकटलेलं असेल, तर तुला ते कळणार कसं? चारही ब्युरोंना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चारही काढ. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, ही भीती डोक्यातून काढून टाक.

रिपोर्ट आला की वरचा आकडा सोड, खाली जा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. '०००' किंवा 'एसटीडी' असेल तर ठीक. 'एक्सएक्सएक्स' म्हणजे त्या महिन्याची माहितीच कळवलेली नाही. ०३० सारखा आकडा म्हणजे तितके दिवस थकबाकी. 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलेलं) किंवा 'रिटन ऑफ' (बँकेनं बुडीत धरलेलं) हे शब्द शोध. वडिलांच्या कर्जाला तू सहकर्जदार किंवा जामीनदार आहेस का तेही बघ, ते कर्ज तुझ्याच नावावर दिसतं.

आता कटू वाटेल असं. तुझा ७८२ एका मोबाइलच्या हप्त्यांवर उभा आहे. आकडा चांगला, पण फाइल पातळ, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास थोडका. बँक स्कोअरशिवाय पगार, नोकरीचा काळ, कंपनी तिच्या यादीत कुठल्या वर्गात बसते, हे सगळं पाहते.

आणि पत्ता. मुंबईच्या पोरांचं घोडं मला इथेच अडलेलं दिसतं. तुझ्या आधारवर लालबागच्या चाळीचा पत्ता आहे, ती चाळ पुनर्विकासात पाडली. राहतोस डोंबिवलीत भाड्यानं, दारावर पाटी घरमालकाची. व्हेरिफिकेशनवाला येतो भर दुपारी, तेव्हा तू अंधेरीत ऑफिसात. शेजारी तुझं नाव ओळखत नाहीत. त्यानं 'पत्ता पटला नाही' असा शेरा मारला की स्कोअर ७८२ असो नाहीतर ८५०, अर्ज तिथेच संपला. तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर झालेला आहे ना ते तपास, त्यावर आधारचा पत्ता बदलून घे, दारावर तुझ्या नावाची चिठ्ठी लाव आणि वॉचमनला नाव सांगून ठेव. तुझ्या पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण आहे आणि आधारवर नुसतं आद्याक्षर. पॅन, आधार, पगाराचं खातं आणि ऑफिसचं रेकॉर्ड, चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घे.

पण हे सगळे माझे अंदाज. खरं कारण बँकेकडे आहे, म्हणून पुन्हा सांगतो, ते लेखी माग. लोक मला म्हणतात, एका कार्डासाठी एवढा पत्रव्यवहार कशाला, दुसरी बँक बघायची. मला हे कधीच पटलं नाही आणि पटणारही नाही. कार्डाचं सोड. उद्या तू घराच्या कर्जाला उभा राहशील तेव्हा तीच चूक रिपोर्टात बसलेली असेल आणि तेव्हा बिल्डरचा हप्ता तोंडावर असेल. न विचारता पुढे गेलेली, मग मेटाकुटीला आलेली हुशार मुलं पाहिली की जीव तुटतो. म्हणून मी हट्टी.

रिपोर्टात चूक निघाली तर ब्युरोच्या साइटवर तक्रार टाक, रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर घालून, आणि संबंधित बँकेलाही कळव. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुला मिळायला हवी, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. कारण विचारलेल्या ईमेलला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार कर, पैसे लागत नाहीत. मात्र नीट समजून घे: 'मला कार्ड द्या' ही तक्रार तिथे टिकत नाही, कार्ड कुणाला द्यायचं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय. 'कारण दिलं नाही' हीच तक्रार लिही.

उत्तरात फाइल पातळ असल्याचं निघालं तर ते सहा महिने सरल्यावर पगाराचं खातं असलेल्या बँकेत मुदत ठेव करून तिच्यावरच कार्ड घे. त्याला सहसा पगाराचा पुरावा मागत नाहीत, मर्यादा बहुतेकदा ठेवीच्या रकमेपेक्षा थोडी कमी मिळते आणि कार्ड चालू असेतो ती ठेव मोडता येत नाही, म्हणून अडीअडचणीचे पैसे त्यात गुंतवू नकोस. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेव. ऑटो-डेबिट लावताना 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) नव्हे, 'टोटल ड्यू' (पूर्ण बिल) निवड. कधी कधी आधीपासून मिनिममवरच खूण असते, ती बदलल्याशिवाय पुढचं बटण दाबू नकोस.

ईमेल आज रात्रीच पाठव आणि मला सीसीमध्ये ठेव.

तुझा,
काका